बाबूदादाचा आवाज

ऐका, बाबूदादा वारला आणि त्याच्या गिटारचा तो खरखरीत आवाजही गेला. व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर तोच, बटणं त्याने ठेवली तशीच, तरी आवाज गुळगुळीत. तारा छेडून छेडून बोटं दुखली. मग आठवलं, शेजारीच राहणाऱ्या आमच्या काकांची पिठाची गिरण चालू झाली की वीज कमी पडून दिवा मंद व्हायचा, आणि दादा तेव्हाच वाजवायचा. दादा गेल्यापासून गिरण बंद होती.

तसाच उठून गेलो. “काका, गिरण चालू करा.”

“सुतक आसा रे. आणि दळूक काय आसा?”

घरातले तांदूळ आणून ओतले.

“खुळो झालंस?”

“झालंय. चालू करा.”

घरी पळत आलो, तर दिवा मंदावला होता. मी तार छेडली, तोच खरखरीत आवाज आला.

आतून आई ओरडली, “बाबू, हळू वाजय रे.”

मी हळू केलं नाही.