हेस्टरबाईंचं बुटकं दार

आमच्या गावच्या बसथांब्यावर माझ्या मागे हेस्टरबाई आणि उंचेपुरे ऑब्री बोलत होते. दोघांचेही जोडीदार केव्हाच गेलेले.

"कपाळ दुखतंय का अजून?"

"दुखणारच. तुमच्या दाराची चौकट लागली. जरा उंच करून घ्या ना."

"चारशे वर्षांच्या घराला हात लावायची परवानगी नाही."

"मग माझ्याकडे राहायला या."

"तुमच्या त्या नव्या खुराड्यात? माझ्या गवती छपराकडे कोण बघणार?"

"मग मीच येतो. लग्न करून."

"रोज कपाळ फुटेल तुमचं."

"वाकेन की."

"मग इतके दिवस का नाही वाकलात?"

"वाकलो असतो तर बर्फ कोणी लावला असता?"

"चला, बस आली. आणि लग्नाच्या दिवशी तरी वाका. आपल्या चर्चचं दारही बुटकंच आहे."