बिनमिठाच्या पातोळ्या

पातोळ्यांचं नाव काढलंत, म्हणून सांगते. नागपंचमीला नैवेद्य दाखवायच्या आधी कशाचीही चव बघायची नाही, हा आमच्या आईचा नियम. हळदीच्या पानावर थापायच्या त्या तांदळाच्या पिठात चिमूटभर मीठ लागतं, आणि तेच ती दरवर्षी विसरायची. वाफवलेलं पान उलगडून आप्पा पहिला घास घ्यायचे आणि विचारायचे, “ह्यात मीठ कुठं हाय गं?”

“देवानं इचारलं न्हाई, तुम्ही कोण इचारणार?” आई चुलीपासनंच म्हणायची.

आईचं वर्षश्राद्ध झालं आणि यंदा नागपंचमीला मी माहेरी कुंभारवाड्याला गेले. पीठ भिजवताना वैनीनं मला तीनदा विचारलं, “वन्सं, मीठ घातलं न्हवं मी?”

घातलं होतं. मी बघितलं होतं.

नैवेद्य झाला. आप्पांनी एकच घास खाल्ला आणि पान परत मिटून ठेवलं.

“काय झालं, मामंजी? मीठ बरोबर हाय न्हवं?”

“हाय की. बरोबर हाय,” असं म्हणून ते हात धुवायला उठले.

मग वैनीनं परत थोडं पीठ भिजवलं, पण मिठाच्या बरणीला हात लावला नाही. वाफ निघतेय तोवर एक पातोळी आणून आप्पांपुढं ठेवली. त्यांनी पान उलगडलं, घास घेतला.

“ह्यात मीठ कुठं हाय गं?” म्हणाले, आणि चुलीकडं बघत थांबले.