मंगलच्या कोपऱ्यातला लाल दोरा

—नाही झाली अजून, सांगितलं ना, आणि तू असा दारात उभा राहून विचारलंस म्हणून काय लवकर होणार आहे? बस त्या कदेलीवर—खुर्ची रे बाबा, किती वर्षं झाली कोरगावात येऊन, अजून कदेल म्हटलं की इकडेतिकडे बघतोस. तुझी मंगल म्हापशाहून येईपर्यंत बस. सामान बांधलंस म्हणे? टेम्पोही ठरवलास? शाब्बास भैरू! मोपाचं हॉटेल बांधून संपलं, मुकादमाने हुबळीला बोलावलं की निघाले. बायको इथे वाकळीत अडकली आहे, ते कोण बघतो?

वाकळ हा तुमचा शब्द हं, आम्ही गोधडी म्हणतो. मंगल पहिल्यांदा आली तेव्हा आम्ही तिघी इथेच सोप्यावर शिवत होतो—मी, प्रभावती आणि प्रभावतीची सून सेजल. ही दारात. मला वाटलं, नवी भाडेकरीण, पाणी मागायला आली असेल. तर म्हणते कशी, काकी, टाके लांब पडलेत! माझे टाके! माझ्याच दारात! असा राग आला म्हणतोस—पण बघते तर खरंच लांब. मग काय करणार? चौथा कोपरा तिला दिला. एकेकीने आपल्या कोपऱ्यातून निघायचं आणि शिवत शिवत मधे यायचं, जिचा तिचा दोरा वेगळा, तिचा लाल. कापडं घरोघरची—माझी विरलेली लुगडी, माझ्या साईशचा शाळेचा सदरा, तुझा तो सिमेंटचा शर्ट, धुता धुता हात गेले माझे—सगळी आत गेली.

आता तूच सांग, नियम कोणाचा? तुमच्या गडहिंग्लजचाच ना? शेवटचा टाका घालताना आत भाकरीचा तुकडा ठेवायचा, वाकळीचं पोट भरायचं, आणि उपाशी वाकळ घराबाहेर काढायची नाही. मंगलनेच शिकवलं हे. मी काय वेगळं सांगते? पुरी होऊ दे, मग न्या.

काय? चौघी बायका असून एवढा वेळ? मोठी आहे रे गोधडी. उजेड कमी असतो. सेजलचं बाळ मधेच रडतं... असा बघू नकोस माझ्याकडे.

बरं, सांगते. पण तिच्या कानावर घालशील तर बघ. ह्या उठून घरी गेल्या की मी माझ्या कोपऱ्यातली एक ओळ उसवते. एकच! हसतोस काय? साईश दुबईहून फोन करतो, आई जेवलीस? जेवले. पुढे काय बोलणार? दुपारी ही आली की घरात आवाज होतो, भांडण होतं, हसणं होतं. मला ती जायला नको आहे, भैरू. झालं, बोलून गेले.

आणि खरं म्हणजे दोष माझा एकटीचा नाही हं. तिचा तो लाल दोराच कुजका. रोज शिवते, दुसऱ्या दिवशी बघावं तर तिचा कोपरा मागेच गेलेला. म्हापशाच्या दुकानदाराला जाऊन शिव्या घालून आले मी. तो बिचारा दोरा ओढून दाखवतो, म्हणतो काकी, ह्याने म्हैस बांधा—

काय म्हणालास?

तिच्या पदराच्या गाठीत? लाल दोऱ्याचे तुकडे? कातरलेले?

देवा रे. म्हणजे मी इकडून उसवते, ती तिकडून उसवते, आणि त्या दोघी सासू-सुना मुकाट्याने शिवताहेत! आणि तुला माहीत होतं? म्हणून तू मुकादमाला आज निघतो, उद्या निघतो म्हणत राहिलास? आणि आता तो काम दुसऱ्याला देतो म्हणतो? मेल्या, मला आधी सांगायचं नाहीस!

नाही, नाही. हे बरं नव्हे. तू तिकडे, ती इकडे, असं तर मुळीच नको. आमचे हे जन्मभर मुंबईला राहिले, गणपतीला यायचे, मी बघितलं आहे ते. तसं तिचं व्हायला नको.

उद्या सकाळी बोलव टेम्पो. हो, उद्याच. आणि ती बसमधून उतरली की सरळ इकडे पाठव, म्हणावं सुई घेऊन ये. भाकरी मी थापते. आज दोघी समोरासमोर बसून पुरी करतो, आणि रडायचं असेल तर तेही समोरासमोर. जा आता. जा म्हटलं ना—माझ्या तोंडाकडे काय बघत बसलास?