कॅनडातल्या कोंबड्या

आमच्या वासणा भागातल्या घरात आबाकाकांचा एक नियम होता: कोंबडी उंबऱ्याच्या आत येणार नाही, आणि का ते विचारायचं नाही. आबाकाका स्वतः दर रविवारी सयाजीगंजातल्या हॉटेलात जाऊन कोंबडी खाऊन यायचे; तेही विचारायचं नाही.

माझं एम.एस्सी. झालं आणि कॅनडाचं स्थळ आलं. मुलाची आई कौतुकानं सांगत होती, "त्याने हौसेनं कोंबड्या पाळल्यात. बर्फ पडला की सगळ्या घरात घेतो. गारठ्याने त्यांचे तुरे काळे पडतात ना, म्हणून रोज एकेकीच्या तुऱ्याला मलम लावतो."

"किती मायाळू," काकू म्हणाली.

"पण त्याला नोकरी सांभाळून जमत नाही. आता सून आली की ती लावेल."

"लावेल की. आमची मुलगी कामाला वाघ आहे," आबाकाका म्हणाले. "चालो विहीणबाई, साखरपुड्याचं ठरवून टाकू."

मी पोह्यांचा ट्रे खाली ठेवला.

"आबाकाका, मी हे लग्न करणार नाही. त्यांच्याकडे कोंबडी उंबऱ्याच्या आत येते."

"अगं, पण तिथे बर्फ पडतो, म्हणून..."

"का ते विचारायचं नाही ना?"

काकांनी काकूकडे पाहिलं, काकूने पोह्यांकडे.