सगळं नॉर्मल हाय म्हणं!

...न्हाय, मी म्हणतो, ह्यो 'नॉर्मल' शब्द ज्यानं काढला त्याला एकदा आमच्या हुपरीत आणाच! तुम्हाला सांगतो पावणं, लेक आमची, प्रियदर्शनी, पहिलं बाळंतपण, म्हंजे माहेरी, म्हंजे जबाबदारी कुणाची? ह्या आण्णाची! कळा सुरू झाल्या लेकीला आणि पळापळ माझी! कोल्हापुरात शाहूपुरीतल्या दवाखान्याला जायला शेजारच्या जोतीरामची गाडी काढली, तर खालनं खडखड खडखड... म्हटलं, जोत्या, काय वाजतंय रं? "नॉर्मल हाय ओ आण्णा!" म्हंजे काय, चाक निखळंस्तवर गप बसायचं? गिऱ्हाईक मी घडवलेल्या चांदीच्या पैंजणाला नॉर्मल म्हणालं की ते घेत न्हाय. आमची कारभारीण त्रिशला कुणाचं स्थळ बघून "दिसायला नॉर्मल हाय" म्हणाली की मी ओळखतो, तोंड बघवंना! आणि त्योच शब्द डॉक्टरीणबाई माझ्या लेकीला लावत्यात, "नॉर्मलच होईल, काका"... भ्या वाटंल का न्हाय माणसाला?

दवाखान्यात लेकीला आत घेतलं, दार लावलं. आतनं पोरगी वरडली... मी दाराला कान लावला! लहानपणी काटा मोडला तरी माझ्याकडंच पळत यायची ओ ती, आणि आता मी दाराभाईर! नर्सबाई आल्या, म्हटलं, बाई, जगंल न्हवं माझी पोरगी? तर म्हणत्यात, "काका, वरडणं नॉर्मल असतं." काय नॉर्मल? तुम्ही जन्मलासा तवा तुमच्या बापाचं काय झालतं, इचारा की! त्रिशला जपमाळ घेऊन बसलेली, डोळं न उघडताच म्हणती, "गप बसा, तुमच्यापेक्षा लेक कमी वरडतीया."

आणि मग आतलं वरडणं एकदम थांबलं... सगळं गप्प... पावणं, मला देवाचं नाव आठवंना ओ! डोळ्यापुढं अंधारी आली, आणि बाळ रडलं तवा मी फरशीवर आडवा!

नात झाली. बाळ-बाळंतीण एकदम... जाऊ द्या, त्यो शब्द मी न्हाय घेणार. लेक चालत घरी आली, मला मात्र दोघांनी धरून आणलं. पडून कंबर धरलीया, डॉक्टर म्हणाले झोपून ऱ्हावा. आता घरात खाटा दोन. तेल लावायला धोंडुबाई येती रोज सकाळी, आदी नातीला रगडती, मग लेकीला, आणि तसल्याच तेलकट हातानं माझ्या खोलीच्या दारात उभी ऱ्हाऊन वरडती, "आण्णा, व्हा पालथं!"

...हुतोय की. करतो काय!