काकाच्या रानाचा दुसरा मालक

तुम्हाला सांगतो, अजून आठवलं की डोकं तापतं. माझा काका फौजेत आहे, लडाखला. म्हसवडजवळच्या त्याच्या रानावर मी लक्ष ठेवतो. परवा गेलो, तर जमिनीखालचं तेल शोधणारे लोक विहिरीला लागूनच सुरुंगाची भोकं पाडत होते.

"कुणाला विचारून?"

त्यांचा साहेब म्हणाला, "मालकांनीच जागा दाखवली."

मी काकाला व्हिडिओ कॉल लावला. "हे मालक."

"मग ते कोण?" साहेबाने बांधाकडे बोट केलं. तिथं शेजारचा बापू उभा! स्वतःचं रान वाचवायला हा आमच्या रानाचा मालक झाला होता.

काका फोनवर ओरडला, "बाप्या, विहीर ढासळली म्हंजे?"

बापू शांतपणे म्हणाला, "तू तिकडं देशाची हद्द सांभाळ रं गड्या. हितली मी बघतो की!"