बिल्ला लावलेला माणूस

अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी रुग्णाची बायको आणि त्याच्या कारखान्यातले सुपरवायझर बसले होते.

“साहेब, तुम्ही छाती दाबत राहिलात म्हणून हे वाचले.”

“वहिनी, मी नाही दाबली.”

“प्रथमोपचाराचा बिल्ला तर तुमच्याच खिशावर आहे.”

“शिकवलं त्या दिवशी सही ठोकली आणि चहाला गेलो. आज नुसता बघत राहिलो.”

“मग कुणी?”

“सफाईच्या मावशींनी. त्या दिवशी हॉल पुसायला दाराशी थांबल्या होत्या, तेवढ्यात बघून शिकल्या. आज तीसदा दाबायच्या, दोनदा श्वास द्यायच्या, ॲम्ब्युलन्सची गाडी येईपर्यंत.”

“कुठं आहेत त्या? पाया पडते त्यांच्या.”

“गाडीत चढत होत्या. मीच म्हणालो, तुमचं तिथं काय काम?”